परळ आणि काळा घोडा : दोन टाटा विश्वस्तनिधींची हकिकत

मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत १९१४ साली बांधून तयार झाली. पण तिच्यात मूर्ती आणि चित्रे येण्याआधी जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. पहिले महायुद्ध पेटले होते आणि सरकारने ही नवीकोरी वास्तू लष्करी इस्पितळासाठी ताब्यात घेतली. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी जिची कोनशिला बसली, ती वास्तू संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली थेट १० जानेवारी १९२२ रोजी, गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते. आपल्या संग्रहाने ज्यांनी तिची दालने भरली, ते सर रतन टाटा त्या दिवशी हयात नव्हते. त्यांना जाऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

हे रतन टाटा म्हणजे २०२४ साली आपल्यातून गेलेले रतन टाटा नव्हेत. नावाच्या सारखेपणामुळे नव्या पिढीचा हमखास गोंधळ होतो, म्हणून सुरुवातीलाच सांगितलेले बरे. हे जमशेटजी नसरवानजी टाटांचे धाकटे चिरंजीव. जन्म २० जानेवारी १८७१. थोरले दोराबजी त्यांच्याहून जवळजवळ बारा वर्षांनी मोठे. दोघांनाही मूलबाळ झाले नाही. या गोष्टीचा उल्लेख आपल्याकडे हळहळून करतात. पण परळचे रुग्णालय, काळ्या घोड्याजवळच्या संग्रहालयातली निम्मी श्रीमंती आणि देवनारची समाजविज्ञान संस्था यांच्या मुळाशी हीच वस्तुस्थिती आहे. वारस नसलेली श्रीमंत घराणी या शहरात पुष्कळ होऊन गेली आणि बहुतेकांनी कुठून तरी दत्तक वारस उभा केला. रतन टाटांच्या पत्नी नवाजबाईंनीही नवल टाटांना दत्तक घेतलेच. फरक इतकाच, की मालमत्तेचा मोठा भाग लोकांच्या नावे झाला.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे वारले. पोलादाचा कारखाना, जलविद्युत आणि विज्ञान संस्था ही त्यांची तिन्ही स्वप्ने तोवर कागदावरच होती. ती उभी करण्याचे काम प्रामुख्याने दोराबजींच्या अंगावर पडले. रतन टाटा धंद्यात होते, पण त्यांचा जीव दुसरीकडे होता. १९०६ साली त्यांनी लंडनजवळ ट्विकनहॅमचे यॉर्क हाउस विकत घेतले. दिवाळखोर होऊन आत्महत्या केलेल्या एका इंग्रज उद्योगपतीच्या बागेतले भव्य संगमरवरी पुतळे लिलावात निघाले होते. ते आणून त्यांनी आपल्या नदीकाठच्या बागेत बसवले. आज ते घर तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे आहे आणि पुतळे अजून जागेवर आहेत. चिनी जेड, जपानी पोर्सिलेन आणि धातुकाम, युरोपीय तैलचित्रे, भारतीय शस्त्रे, शाली असे जे जे डोळ्यांत भरेल ते हा माणूस घेत गेला. संग्राहकांचे दोन प्रकार असतात. एक, एकाच विषयाचा ध्यास घेणारे. दुसरे, सुंदर दिसले की हात पुढे करणारे. रतन टाटा दुसऱ्या प्रकारातले होते, असे त्यांचा संग्रह पाहताना वाटत राहते. अभ्यासकाला यात शिस्तीचा अभाव जाणवेल, पण सार्वजनिक संग्रहालयाला असाच विविधरंगी ऐवज उपयोगी पडतो.

देण्याच्या बाबतीत मात्र त्यांची नजर अगदी वेगळी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या लढ्यासाठी गांधीजींना त्यांनी १९०९ पासून वेळोवेळी मिळून सव्वा लाख रुपये दिले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरसाल दहा हजार. आणि १९१२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला वर्षाला १४०० पौंड, दारिद्र्याची कारणे आणि त्यावरचे उपाय यांच्या अभ्यासासाठी. त्या निधीचे पहिले संचालक झाले आर. एच. टॉनी. त्यांनी पहिला अभ्यास केला तो साखळ्या घडवणाऱ्या इंग्रज मजुरांच्या किमान वेतनाचा, आणि मग शिंपीकामाच्या धंद्यातल्या वेतनाचा. एका हिंदी गृहस्थाच्या पैशावर साम्राज्याच्या राजधानीत गोऱ्या गरिबांची पाहणी चालली होती! या व्यवहारातली गंमत त्या काळी कुणाच्या लक्षात आली असेल काय, असा प्रश्न पडतो.

पाटलीपुत्राचे उत्खनन हा त्यांच्या कलाप्रेमाचा आणि दातृत्वाचा एकत्र मामला. सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे पैसा नव्हता. टाटांनी दरसाल वीस हजार रुपये देऊ केले. १९१३ पासून डॉ. डी. बी. स्पूनर यांनी पाटण्याजवळ कुम्राहार येथे खणायला सुरुवात केली आणि मौर्यकालीन खांबांच्या प्रचंड सभागृहाचे अवशेष हाती लागले. काम चार वर्षे चालले. त्या सभागृहाचे पर्सेपोलिसच्या इराणी प्रासादाशी असलेले साम्य पाहून स्पूनर इतके हरखले, की १९१५ साली त्यांनी मौर्यांनाच जरथुष्ट्री ठरवणारा लांबलचक निबंध लिहून टाकला. निधी पारशी दात्याचा आणि निष्कर्ष हा असा. टीका व्हायची ती झालीच. पुढच्या संशोधकांनी तो सिद्धांत बाजूला ठेवला. उत्खनन मात्र खरे ठरले. १९५१ ते १९५५ या काळात तिथे पुन्हा खणले गेले आणि आणखी खांबांच्या जागा सापडून ते सभागृह ऐंशी खांबांचे असल्याचे दिसून आले.

प्रकृती ढासळल्यावर उपचारांसाठी रतन टाटा इंग्लंडला गेले आणि ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज येथे वारले. वय अवघे सत्तेचाळीस. मृत्युपत्रात त्यांनी विश्वस्तांना एक गोष्ट स्पष्ट बजावली होती : समाजाच्या आर्थिक, सामाजिक प्रश्नांचा जाणकारांकडून अभ्यास करवून घ्या, व्यवहार्य योजना आखा आणि मगच पैसा द्या. म्हणजे याचकाचा चेहरा पाहून पैसे काढू नका. त्यानुसार १९१९ साली ऐंशी लाख रुपयांचा सर रतन टाटा ट्रस्ट स्थापन झाला. कलावस्तूंचा संग्रह १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे आला.

यात नवाजबाईंचा वाटा फार मोठा, आणि तो सांगायचा राहून जातो. पतीच्या मागे त्या जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे हयात होत्या. टाटा सन्सच्या संचालक मंडळावर बसणारी पहिली स्त्री त्याच. १९२८ साली त्यांनी गरजू पारशी स्त्रियांना शिवण, भरतकाम आणि स्वयंपाकातून उत्पन्न मिळावे म्हणून सर रतन टाटा इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट काढली. मुंबईकर जिला ‘आरटीआय’ म्हणतात आणि जिथले धनसाक खाऊन तृप्त होतात, ती हीच. माहितीच्या अधिकाराशी तिचा काही संबंध नाही.

आता थोरल्या भावाकडे वळू. दोराबजींचे लग्न १८९८ साली मेहरबाई भाभांशी झाले. होमी भाभा हे त्यांचे भाचे. मेहरबाई साडी नेसून स्पर्धांतून टेनिस खेळत, स्त्रियांच्या प्रश्नांवर परदेशांत जाऊन बोलत, बालविवाहाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटत. दोराबजींनी त्यांना दिलेला ज्युबिली हिरा २४५.३५ कॅरटचा होता, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली पोलाद कंपनीची तिजोरी रिकामी झाली, कामगारांचे पगार अडले, तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज उभे केले. त्यात हा हिराही होता असे सांगतात. कंपनी वाचली आणि हिराही घरी परत आला.

१८ जून १९३१ रोजी मेहरबाई वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. तेव्हा या आजारावर वैद्यकाकडे इलाज असा नव्हताच. पुढच्या वर्षभरात दोराबजींनी जे केले त्याला आपल्याकडचा जुना शब्द म्हणजे सर्वस्वावर उदक सोडणे. ११ मार्च १९३२ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचा दस्तऐवज केला. समभाग, जमिनी, दागिने, तो हिरासुद्धा, असा सारा मिळून त्या काळचा सुमारे एक कोटीचा ऐवज. खर्च करताना स्थळ, राष्ट्र वा धर्म पाहू नये अशी अट त्यांनी घातली. पारशी धर्मादायांची एक मोठी परंपरा आपल्या समाजापुरती होती. त्या मानाने ही अट किती रुंद होती ते ध्यानात यावे. पाठोपाठ एप्रिलमध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट निघाला, पत्नीच्या आजाराच्या संशोधनासाठी. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरच्या ल्युकेमिया संशोधकांना आणि एक पंचमांश भारतातल्या वैद्यकीय संशोधनाला. त्यानंतर मेहरबाईंच्या वर्षश्राद्धाला इंग्लंडमधल्या त्यांच्या समाधीपाशी पोहोचावे म्हणून दोराबजी निघाले, आणि वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीत बाड किसिंगन येथे त्यांचा अंत झाला. ब्रुकवुडच्या दफनभूमीत जमशेटजी, रतन, मेहरबाई आणि दोराबजी अशा चौघांच्या समाध्या आहेत.

दोराबजींचा कलासंग्रह १९३३ साली म्युझियमकडे आला. दोन्ही भावांची तैलचित्रे, चिनी-जपानी वस्तू आणि शस्त्रे अशी एका छताखाली आली. अस्सल युरोपीय तैलचित्र पाहायला मुंबईच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याला बोटीचे भाडे परवडणारे नव्हते. त्याच्यासाठी जे. जे. कलाशाळेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर ही सोय झाली. त्या दालनांतली सगळीच चित्रे पहिल्या प्रतीची आहेत असे नाही. पण दात्यांनी आपला संग्रह वेगळ्या वाड्यात, वेगळ्या पाटीखाली बंदिस्त ठेवण्याचा हट्ट धरला नाही. शहराच्या सामाईक संग्रहालयात तो मिसळू दिला. आपल्याकडे एखादी खोली बांधून दिली तरी तिच्या चारही भिंतींवर नाव लागते, हे पाहिले की या गोष्टीची किंमत कळते.

दोराबजी ट्रस्टचे पहिले मोठे पाऊल १९३६ सालचे. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात वस्तीकाम चालवले होते. त्यांच्या हाताखाली समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची देवनारची ‘टिस’, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था.

दुसरे पाऊल परळचे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन केले. ऐंशी खाटा, पंधरा हजार चौरस मीटर जागा, वर्षाचा खर्च पाच लाख रुपये. आजूबाजूला गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारी वस्ती. कर्करोग हा श्रीमंत पाश्चात्त्यांचा रोग, हिंदुस्थानात त्याचे प्रमाण नगण्य, असा समज तेव्हा डॉक्टरांतही होता. तो समज मोडण्याचे काम या इमारतीतल्या प्रयोगशाळेने केले, आणि त्या प्रयोगशाळेचे नाव काढले की एकच माणूस आठवतो : डॉ. वसंत रामजी खानोलकर.

भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांची ओळख आहे. परदेशी पुस्तकांतली कोष्टके इथल्या रोग्यांना लावण्याऐवजी त्यांनी इथल्या माणसाच्या सवयी तपासल्या. तो काय खातो, ओठात काय दाबतो, धोतर कसे नेसतो. १९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात कर्करोगाचा संबंध थेट चालीरीतींशी जोडला. धोतर कमरेला वर्षानुवर्षे करकचून बांधल्याने त्वचेवर होणारा कर्करोग, खैनी दाबून ठेवल्याने खालच्या ओठाला होणारा कर्करोग असे प्रकार त्यात नोंदले आहेत. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांविषयी आज शाळेच्या भिंतींवर जे लिहिलेले असते, त्याची पायाभरणी परळात अशा निरीक्षणांतून झाली. वैद्यकाच्या इतिहासात खानोलकरांचे हे काम मला रुग्णालयाच्या इमारतीहून मोठे वाटते. दाता इमारत देऊ शकतो. अशी माणसे येऊन तिथे टिकतील एवढी मोकळीक देणे हा वेगळा गुण, आणि तो विश्वस्तांनी दाखवला.

पुण्याच्या कमल रणदिवे यांनी याच खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परदेशातून शिकून परतल्यावर पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. १९५२ साली रुग्णालयाला जोडून संशोधन केंद्र निघाले, तिथे स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. शस्त्रक्रियेच्या बाजूला गोव्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस होते. आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि बाहेरगावच्या रुग्णांच्या उतरण्याची सोय करणारे वांद्र्याचे स्मारकगृहही त्यांच्याच नावाचे.

आता संस्थेच्या चरित्रातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा निर्णय. १९५७ साली रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. किरणोपचाराचे भवितव्य होमी भाभांनी ओळखले होते, जे. आर. डी. टाटांनाही ते पटले. खर्च वाढत होता, रुग्णांची रीघ थांबणारी नव्हती, एका खासगी निधीच्या आवाक्यातले हे काम राहिले नव्हते. विश्वस्तांनी रुग्णालय देऊन टाकले. १९६६ साली रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. कर्करोगाच्या इस्पितळाची सूत्रे अणुऊर्जा खात्याकडे कशी, असे आजही अनेकजण विचारतात. त्याचे उत्तर हे. नाव टाटांचे आणि पैसा सरकारचा, यात टाटांचे फुकट नाव होते अशी कुजबुजही ऐकू येते. पण उभे केलेले चालू स्थितीत देऊन मोकळे होणे किती संस्थाचालकांना जमते? चार वर्गांची शाळा काढणारेसुद्धा तिसऱ्या पिढीपर्यंत अध्यक्षपद सोडत नाहीत.

त्या पैशाच्या उगमाबद्दलही बोलले पाहिजे. स्मरणिकेत असे लिहू नये असा संकेत आहे, पण इतिहास म्हणायचा तर तो पाळता येत नाही. १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झाले, भाताची खाचरे आणि गावे बुडाली, बापट तुरुंगात गेले. मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना वीज मिळाली. टाटा सन्सचे जवळजवळ दोन तृतीयांश भांडवल आज या धर्मादाय निधींच्या हाती आहे. म्हणजे कंपन्यांच्या नफ्याचा ओघ लाभांशाच्या रूपाने निधींकडे येतो आणि तिथून रुग्णालये, शाळा, संग्रहालयांकडे जातो. ही व्यवस्था अजोड आहे. पण त्या ओघात मुळशीचेही पाणी आहे, हे मावळातला माणूस विसरलेला नाही आणि त्याने विसरावे अशी अपेक्षाही करू नये.

कलेचा धागा पुढच्या पिढीने संग्रहालयाबाहेर नेला. दोराबजी ट्रस्टच्या साहाय्याने १९४५ साली निघालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी हुसेन, गायतोंडे, आरा अशांची चित्रे घेऊन भिंती भरल्या. शास्त्रज्ञांनी रोज जाता-येता चित्रे पाहावीत, असा त्यांचा आग्रह. त्यांचे बंधू जमशेद भाभा यांनी जेआरडींच्या पाठबळावर १९६९ साली एनसीपीए हे नाट्य-संगीतादी कलांचे राष्ट्रीय केंद्र उभे केले. तिथे पु. ल. देशपांडे मानद संचालक होते आणि त्यांच्यामुळे मराठी लोककलांना नरिमन पॉइंटची पायरी चढता आली. १९८० साली टाटा थिएटर उघडले. तिथले तिकीट परवडणारा आणि परळच्या रांगेत उभा असलेला, हे दोघे एकाच पैशाचे लाभार्थी असूनही एकमेकांना क्वचितच भेटतात.

अलीकडचे थोडक्यात. वैद्यकाच्या बाजूला २०११ साली कोलकात्यात टाटा मेडिकल सेंटर सुरू झाले. रुग्णाने मुंबई गाठण्याऐवजी उपचारानेच रुग्णाकडे जावे या धोरणाने आसाम सरकारच्या भागीदारीत कर्करोग रुग्णालयांची साखळी उभी राहिली, तिच्यातली सात २०२२ साली सुरू झाली. महालक्ष्मीला २०२४ पासून लहान प्राण्यांचे रुग्णालयही आहे. १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय हे नाव धारण केलेल्या म्युझियममध्ये कलावस्तूंच्या जतनाचे शास्त्रशुद्ध काम चालते, त्यालाही टाटा ट्रस्ट्सचे साहाय्य आहे. जुने कॅनव्हास आणि कागद यांनाही शुश्रूषा लागतेच.

तरीही परळची गर्दी ओसरलेली नाही. बिहार, बंगाल, ईशान्येकडून आलेली कुटुंबे रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर दिसतात. ज्यांना जागा मिळते ते दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतात. दगडी वाड्यातल्या टाटांनी रुग्णालय द्यावे आणि हाती खापर घेतलेल्या बाबांच्या नावाने त्याच रुग्णाला पाठ टेकायला जागा मिळावी, हा योग या शहरातच येऊ शकतो.

या दोन्ही वास्तूंचा इतिहास आजवर दात्यांच्या आणि डॉक्टरांच्या बाजूने लिहिला गेला आहे. परळच्या जुन्या परिचारिका, वॉर्डबॉय, प्रयोगशाळेतले मदतनीस, संग्रहालयाचे पहारेकरी आणि वस्तू हाताळणारे कामगार यांच्यापैकी कितीतरी जण मराठी घरांतले होते. त्यांच्या आठवणी, पगाराच्या पावत्या, निरोपसमारंभाची छायाचित्रे कुणाच्या कपाटात असतील तर ती टाकून देऊ नयेत. लिहून काढावीत, त्यांवर तारखा घालाव्यात आणि संबंधित संस्थेच्या अभिलेखागाराकडे सोपवावीत, ही वाचकांना विनंती.